गोड्या पाण्यातली कारा

कारा आधी नाकाला कळते. पाण्यातून मूठभर उपसली की लसणासारखा कुबट वास येतो आणि तो बोटांना बराच वेळ धरून राहतो. हाताला ती खरखरीत लागते, कारण तिच्या अंगावर चुन्याचा थर असतो. वाळवली तर राखाडी-पांढरी पडते आणि चुरगळली की तिचा भुगा होतो. भाताच्या खाचरात, पाझर तलावाच्या उथळ काठाला, सावकाश वाहणाऱ्या ओढ्याच्या कोपऱ्यात ती उगवते आणि लोक तिला पाण्यातल्या इतर हिरव्या पसाऱ्याबरोबर शेवाळ म्हणून सोडून देतात. तसे ते खोटे नाही, ती शैवालच आहे. पण नीट पाहिले तर रोपटेच दिसते. सरळ दांडा, ठरावीक अंतरावर गाठी आणि प्रत्येक गाठीभोवती फेर धरलेल्या आखूड फांद्या. खरे मूळ नाही, पान नाही, फूल नाही. तरी उद्या जमिनीवर जे झाड उभे राहणार त्याचा आराखडा पाण्यातच तयार होता, असे तिच्याकडे पाहून वाटते. जमिनीवरच्या वनस्पतींच्या ती जवळच्या नात्यातली आहेच. २०१८ साली ‘कारा ब्राउनी’ या जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तोही हे नाते उलगडण्यासाठीच.

तिचा खरा स्वभाव मात्र दोन गाठींमधल्या पेरात आहे. हे पेर म्हणजे एकच पेशी. लांबी काही सेंटिमीटर, कधी दहा सेंटिमीटरांच्याही पुढे. जाडी साधारण एक मिलिमीटर. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. ही पेशी चिमट्याने उचलून टेबलावर ठेवता येते, तिच्यात बारीक काचनळी खुपसता येते, टोक कापून आतला रस काढून घेता येतो. काराच्या काही जातींत पेराभोवती लहान पेशींचे आवरण असते. कारा ब्राउनीला आणि तिची बहीण नायटेला हिला ते नसते. त्यामुळे आतले सगळे उघडे दिसते. बाहेर पेशीभित्तिका, तिच्या आत हरितलवकांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा, त्याखाली पेशीद्रव्याचा पातळ थर आणि मध्ये रिक्तिकेची भली मोठी पोकळी. पेशीच्या आकारमानाचा नऊ दशांशाहून अधिक भाग या रिक्तिकेने व्यापलेला असतो आणि ती रसाने तुडुंब भरलेली असते. वनस्पतीची पेशी आयनांची, म्हणजे क्षारांच्या विद्युतभारित कणांची, ने-आण कशी करते, कोणाला आत घेते, कोणाला दारात उभे करते, हे माणसाला कळले ते मुख्यतः या उघड्या मनाच्या पेरामुळे. वनस्पतिशास्त्रात इतके ऋण फार थोड्या जीवांचे आहे.

कारा राहते गरिबीत. स्वच्छ गोड्या पाण्यात क्षार फार थोडे असतात. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात डेनिस होगलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायटेलाच्या पेरांतला रस काढून तपासला आणि ती ज्या तळ्यात वाढली होती ते पाणीही तपासले. तळ्याच्या एक लिटर पाण्यात पोटॅशियम होते सुमारे ०.०५ मिलिमोल. पेशीच्या रसात ५४. म्हणजे हजारपट. क्लोराइड बाहेर एक मिलिमोलपेक्षा थोडे कमी, आत ९०. म्हणजे सुमारे शंभरपट. पेशीद्रव्याला वेढणारे पातळ पटल म्हणजे नुसती चाळणी असती तर आतले आणि बाहेरचे पाणी केव्हाच सारखे झाले असते. होगलंडांना आणखी एक गोष्ट दिसली: उजेड असला की पेशी क्षार अधिक जमवते. म्हणजे हे साठवणे फुकट होत नव्हते, त्याला ऊर्जा लागत होती. आपल्याकडे बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या किंवा मातीविना शेतीच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला ‘होगलंड द्रावण’ ठाऊक असते. ते करणारे हेच होगलंड. झाडाला पाण्यातून काय काय आणि किती द्यावे याचा विचार करणाऱ्या माणसाने अगोदर या पेरांचा रस मोजला होता, ही गोष्ट वर्गात सांगायला हवी.

तर ही पेशी साठा करणारी आहे. का करते? साठ्याने पाणी आत ओढले जाते आणि पेशी ताठ राहते. काराच्या पेरात पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. कणा नसलेली, लाकूड नसलेली ही बारीक काडी पाण्यात सरळ उभी राहते ती या दाबाच्या जोरावर. क्षार गेले तर ताठपणा गेला. तिचे जगणे आणि तिचा साठा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आता तो साठा ती कसा करते ते पाहू. इथे तिच्या स्वभावाचा सर्वांत खोल पैलू येतो. पेशीच्या पटलाच्या दोन बाजूंना विजेचा दाब असतो: आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ऋण. काराच्या पेरात हा फरक साधारण दीडशे मिलिव्होल्ट, कधी दोनशेच्याही पुढे. आकडा लहान वाटतो, पण पटलाची जाडी लक्षात घ्यायला हवी. ती असते सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी. दीडशे मिलिव्होल्ट एवढ्याशा अंतरात पडले की विद्युतक्षेत्राची तीव्रता मीटरला सुमारे दोन कोटी व्होल्ट भरते. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात. खाचरातल्या प्रत्येक काडीच्या कातडीत, अहोरात्र, विजेच्या ठिणगीला लागते त्याच्या सहा-सातपट तीव्रतेचे क्षेत्र शांतपणे सांभाळलेले असते. ही गोष्ट मी कितीही वेळा मनात आणली तरी शिळी होत नाही.

या ऋण आतल्या बाजूकडे धन आयन आपोआप ओढले जातात. पोटॅशियम धन आहे. हिशोब असा आहे की अठ्ठावन्न मिलिव्होल्टांचा फरक असेल तर धन आयन आत दहापट साठू शकतो, त्याच्या दुप्पट असेल तर शंभरपट, तिप्पट म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास असेल तर हजारपट. होगलंडांना सापडलेला हजारपटीचा आकडा विजेच्या या हिशोबात जवळपास बसतो. पोटॅशियमसाठी पेशीला वेगळा घाम गाळावा लागतो तो थोडाच. दार उघडे ठेवायचे, वीज ओढून आणते. ही दारे म्हणजे पटलातली प्रथिने, त्यांना वाहिन्या म्हणतात. वाहिनी उघडली की त्यातून एका सेकंदात दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आयन जाऊ शकतात, आणि तरीही पोटॅशियमची वाहिनी सोडियमला सहसा जाऊ देत नाही, जरी सोडियम आकाराने लहान असला तरी.

क्लोराइडचे मात्र सगळेच उलटे आहे. तो ऋण आहे, आतली बाजूही ऋण. त्याला वीज बाहेर ढकलते. नुसते विजेवर सोडले असते तर आत क्लोराइड बाहेरच्या चारशेव्या हिश्शाइतकाच उरला असता. आहे मात्र शंभरपट. म्हणजे चढावर आणि तेही वाऱ्याविरुद्ध, असा त्याचा प्रवास आहे आणि तो फुकट होणे शक्यच नाही. १९६०च्या सुमारास केंब्रिजमध्ये स्कॉटिश संशोधिका एनिड मॅकरॉबी यांनी ‘नायटेला ट्रान्सल्युसेन्स’ची पेरे किरणोत्सारी सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड घातलेल्या पाण्यात ठेवली आणि कोणता आयन किती वेगाने आत जातो, किती वेगाने बाहेर पडतो हे मोजले. १९६२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे काम मी आजही नमुना म्हणून धरतो. पेर स्वच्छ धुणे, ठरलेल्या वेळी उचलणे, रस आणि पेशीद्रव्य वेगळे करणे, आकडे मांडणे. त्यात कुठे घाई नाही आणि जे दिसले नाही ते लिहिलेले नाही. त्या १९९१ साली रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या. त्यांची पुढची बरीच वर्षे पानांवरच्या पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींवर गेली. तिथेही प्रश्न हाच, आयन आत-बाहेर कसे जातात. पर्णरंध्र उघडते ते रक्षक पेशीत पोटॅशियम शिरल्याने आणि मिटते ते निघून गेल्याने. पाणीटंचाईच्या वर्षी आपल्या ज्वारीचे पान उन्हात वाळण्याआधी रंध्रे मिटते, ते याच व्यवहाराने. खाचरातल्या काडीकडून शिकलेले ज्ञान असे शेतात पोचते.

वीज तयार कोण करते हे बराच काळ नीट कळत नव्हते. प्राण्यांच्या पेशींत सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. तो डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली दाखवला आणि चाळीस वर्षांनी त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. आपल्या मज्जातंतूंचे, स्नायूंचे, मूत्रपिंडाचे सगळे काम त्या पंपावर चालते. काराच्या पेरातही तसेच काही असावे, असे धरून लोक शोधत होते. १९६८ साली किटासाटो या संशोधकाने नायटेलावर काम करून निराळे उत्तर सुचवले: या पेशीतून सतत बाहेर फेकला जातो तो प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा आयन. पुढे ते खरे ठरले. वनस्पतीच्या पटलात एक प्रथिन असते. ते एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू मोडते आणि एक प्रोटॉन बाहेर ढकलते. एका सेकंदात अशा सुमारे शंभर फेऱ्या. वाहिनीच्या मानाने हा वेग अगदीच संथ, पण वाहिनी फक्त उतारावर सोडते आणि पंप चढावर नेतो. एकेक धन भार बाहेर गेल्याने आतली बाजू ऋण होते, हीच ती दीडशे-दोनशे मिलिव्होल्टांची वीज. वर बाहेर प्रोटॉन साचतात आणि ते परत आत यायला अधीर असतात. पेशी त्यांना परत घेते, पण एका अटीवर: येताना क्लोराइडला सोबत आणायचे. दोन प्रोटॉन आत येतात तेव्हा त्यांच्या उतरण्याच्या जोरावर एक क्लोराइड चढ चढतो. नायट्रेट, फॉस्फेट, साखर हेही वनस्पतीत असेच प्रोटॉनचा हात धरून आत येतात.

एवढी एक गोष्ट कळली की वनस्पतीच्या जगण्याची अर्धी गुरुकिल्ली हाती आली असे मी म्हणेन. आपण प्राणी सोडियमवर चालतो, कारण आपले मूळ खाऱ्या पाण्यात आहे आणि आपल्या रक्तातही मीठ भरपूर आहे. गोड्या पाण्यात सोडियम कुठून आणायचा? प्रोटॉन मात्र जिथे पाणी आहे तिथे असतोच. कारा जिथे राहते तिथे जे कधीच कमी पडणार नाही त्याच्यावर तिने आपला संसार मांडला आहे.

बाहेर प्रोटॉन टाकायचे तर आजूबाजूचे पाणी आंबट व्हायला हवे. ते होते, पण सगळीकडे नाही, आणि हेच काराच्या देखण्या गोष्टींपैकी एक. फिनॉल रेड नावाचा रंग घातलेल्या पातळ अगारमध्ये पेर ठेवून उजेडात थोडा वेळ वाट पाहिली तर त्याच्या लांबीवर आळीपाळीने पिवळे आणि गडद गुलाबी पट्टे उमटतात. पिवळे ते आम्ल, गुलाबी ते अल्कली. प्रत्येक पट्टा काही मिलिमीटर रुंद. आम्ल पट्ट्यात पाण्याचा सामू साडेपाचच्या आसपास उतरतो, अल्कली पट्ट्यात तो नऊ-दहापर्यंत चढतो. एकच पेशी, एकच अखंड पटल. आणि त्यावर काही मिलिमीटरांच्या अंतरात हजारो पटींचा फरक. अंधार केला की पट्टे विरतात, उजेड आला की पुन्हा येतात. प्रयोगशाळेत हे पाहणारी मुले पहिल्यांदा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत.

हा नखरा नाही, त्याचे कारण रोखठोक आहे. पाण्यातला कार्बन बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि प्रकाशसंश्लेषणाला हवा कार्बन डायऑक्साइड. आम्ल पट्ट्यात बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो सहज आत शिरतो. पंपाने तिथे टाकलेल्या प्रोटॉनांची भरपाई दुसऱ्या पट्ट्यात होते आणि तिथले पाणी अल्कली बनते. अल्कली पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची गाठ पडते आणि चुना पेशीच्या अंगावर बसतो. सुरुवातीला जी खरखर हाताला लागली ती ही. कठीण पाण्याच्या तळ्यात काराच्या कोरड्या वजनात निम्म्याहून अधिक चुनाच भरतो. आयनांची रोजची ने-आण शेवटी दगडाचा थर होऊन उरते.

चुन्याच्या या सवयीने काराला आणखी एक गोष्ट दिली: स्मरणात राहणे. तिच्या स्त्री-अवयवाभोवती पाच पेशी पिळदार वेढे घालतात आणि त्यात चुना भरला की त्याचे टणक, मोहरीहूनही लहान गोळे बनतात. मऊ शैवाल कुजून जाते, हे गोळे गाळात टिकतात आणि त्यांचे जीवाश्म होतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये जिथे दोन लाव्हारसांच्या मधल्या काळात तळी होती, तिथल्या गाळाच्या खडकांत काराच्या कुळातले असे गोळे सापडतात. नागपूरजवळचे ताकळीचे थर अशा अंतर्स्तरांसाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात तिथले जीवाश्म गोळा केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा येत-थांबत असताना, विदर्भातल्या तळ्यांत या कुळातल्या वनस्पती क्षार वेचीत होत्या आणि चुना अंगावर चढवीत होत्या. पट्टे त्यांच्याही अंगावर उमटत असतील का, हे दगड सांगत नाही. चुना मात्र सांगतो की आयनांचे काम चालू होते.

पेराच्या आत डोकावले की दुसरीच हालचाल दिसते. १७७४ साली इटलीतले धर्मगुरू आणि पदार्थविज्ञानाचे अध्यापक बोनावेंतुरा कोर्ती यांनी पाण्यातल्या वनस्पतीच्या पेशीत द्रव फिरताना पाहिला आणि त्यावर पुस्तक लिहिले. ती वनस्पती कारा होती. पेशीच्या आतले पेशीद्रव्य एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली, न थांबता फिरत असते. वेग सेकंदाला साधारण सत्तर मायक्रोमीटर, कधी त्याहून जास्त. सूक्ष्मदर्शकात ते नदीच्या वेगाने जाताना दिसते, पण प्रत्यक्षात एक सेंटिमीटर जायला त्याला दोन-अडीच मिनिटे लागतात. तरी तेवढे पुरते. दहा सेंटिमीटर लांब पेशीत एखादा आयन निव्वळ आपल्या भरकटण्याने या टोकापासून त्या टोकाला जायचा म्हणजे महिन्याहून जास्त काळ लागेल; प्रवाहात तो अर्ध्या तासाच्या आत पोचतो. हृदय नाही, शिरा नाहीत, तरी पटलाने जे आत घेतले ते सगळ्या पेशीभर पोचवायची ही सोय. काराच्या स्वभावात हीच एक सतत चाललेली गोष्ट, आणि म्हणून ती थांबते तेव्हा काही तरी घडले आहे हे लगेच कळते.

थांबते ती धक्क्याने. पेराला जरा जोरात टोचले, दाबले किंवा विजेचा झटका दिला तर पटलावरची वीज अचानक कोसळते आणि शून्याजवळ येते. काही सेकंदांत पुन्हा सावरू लागते. वीज कोसळते त्याच क्षणी प्रवाह बंद पडतो, हरितलवकांखाली वाहणारे सारे कण जागच्या जागी गोठतात. एक सेकंदही लागत नाही. पुन्हा पूर्ण वेगाने वाहायला मात्र काही मिनिटे जातात. मज्जातंतूत संदेश जातो तसाच हा प्रकार, फक्त हजारपटींनी संथ. मज्जातंतूत बाहेरचा सोडियम आत घुसतो आणि वीज उलटते. काराच्या बाहेर सोडियम फारच थोडा, मग आत घुसणार कोण? ती आपलाच साठा उधळते. आधी पेशीद्रव्यात कॅल्शियम वाढते. १९८२ साली विल्यमसन आणि अ‍ॅश्ली या संशोधकांनी जेलीफिशमधल्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने ते मोजले, तर ते सुमारे तीसपट झाले होते. कॅल्शियमच्या हाकेला क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात आणि इतक्या कष्टाने जमवलेला क्लोराइड बाहेर धावतो. त्याच्या मागे पोटॅशियम. पेशीचा ताठपणा किंचित उतरतो. प्रवाह थांबवण्याचे कामही कॅल्शियमच करते. जखमी पेशीतून पेशीद्रव्य वाहून जाऊ नये म्हणून ही व्यवस्था असावी असे मानले जाते आणि मला ते पटते.

एवढ्या काटकसरी जीवाने संकटात आपला सर्वस्वाचा साठा मोकळा करावा, यात मला तिच्या स्वभावातली मोठी गोष्ट दिसते. तिच्याकडे दुसरे काही नाही, म्हणून जे आहे ते ती वापरते.

विज्ञानाच्या इतिहासात या धक्क्याला मोठे स्थान आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही. १९३८ साली अमेरिकेत हॉवर्ड कर्टिस आणि केनेथ कोल यांनी नायटेलाच्या पेराला धक्का देऊन पटलाचा विद्युतरोध मोजला. धक्क्याच्या वेळी तो रोध एकदम घसरतो, म्हणजे पटल क्षणभर आयनांना वाट मोकळी करून देते, हे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी तोच प्रयोग स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर केला. तिथून वाट निघाली ती मज्जातंतूतला संदेश गणितात मांडणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांच्या १९५२च्या समीकरणांपर्यंत आणि १९६३च्या नोबेलपर्यंत. मेंदू समजून घेण्याच्या वाटेवरचे एक पाऊल तळ्यातल्या हिरव्या पेरावर पडले होते. आपल्याकडे वनस्पतींतल्या विजेचे नाव निघाले की जगदीशचंद्र बोस आठवतात, आणि ते योग्यच आहे; लाजाळूसारख्या वनस्पतींवर त्यांनी विजेची मोजणी केली तेव्हा जग ऐकायला तयार नव्हते. लाजाळूच्या देठात मात्र असंख्य पेशी एकत्र बोलतात. काराच्या पेरात एकच आवाज असतो, आणि म्हणून तो स्वच्छ ऐकू येतो.

गोड्या पाण्यातल्या काराला मीठ सोसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेरी बिल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कारा ऑस्ट्रेलिस’ला समुद्राच्या पाण्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतक्या मिठात ठेवून तिचे काय होते ते दिवसेंदिवस मोजले. सोडियम आत शिरतो, पंप जोर करतो, पण पुरा पडत नाही; पटलाची वीज उतरत जाते, कुणी न टोचताही धक्के बसू लागतात, प्रत्येक धक्क्यात क्लोराइड आणि पोटॅशियम निघून जातात आणि काही दिवसांत पेशी मरते. खाऱ्या पाण्यात राहणारी तिचीच नातेवाईक लॅम्प्रोथॅम्नियम मात्र अशा वेळी पंपाचा वेग वाढवते, क्षार आत घेऊन दाब पुन्हा उभा करते आणि जगते. दोघींची घडण जवळपास तीच. फरक आहे तो अडचणीत पंप किती खंबीर राहतो याचा.

आपल्या कोकणातल्या खारजमिनीत भाताच्या रोपाला हाच प्रश्न पडतो. भरतीचे पाणी बांध फोडून शेतात शिरले की सोडियम मुळांतून वर चढतो आणि पाने करपतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने याच जमिनींसाठी ‘पनवेल’ मालिकेतले खार सोसणारे भाताचे वाण काढले. पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरच्या ‘नोना बोक्रा’ या देशी भातात कोणते जनुक सोडियमला पानांपर्यंत पोचू देत नाही हे २००५ साली सापडले. ते जनुक बनवते ते पटलातले एक दारच, जे वर चाललेल्या रसातून सोडियम काढून घेते. कोणत्या आयनाला कुठे अडवायचे, हा प्रश्न काराचा आणि भाताचा एकच आहे. बंगालच्या त्या शेतकऱ्यांनी पटल, वाहिनी हे शब्द ऐकले नव्हते, पण पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यात उभे राहणारे दाणे निवडून त्यांनी ते दार आपल्यासाठी जपून ठेवले होते.

मिठाइतकाच काराचा दुसरा शत्रू म्हणजे गढूळपणा. तळ्यात सांडपाणी आले, खताचे फॉस्फेट आले की तरंगते सूक्ष्म शैवाल माजते, पाणी हिरवट होते आणि तळाशी उजेड पोचत नाही. उजेड नसला की एटीपी कमी, एटीपी कमी की पंप मंद, आणि पंप मंद झाला की बाकी सगळेच ढासळते. युरोपात तळ्याचे आरोग्य तपासताना काराचे गालिचे आहेत की नाहीत हे पाहतात. कारा जिथे नाहीशी झाली होती तिथे सांडपाणी थांबवल्यावर ती परतही आली आहे. आपल्याकडे तळ्यातला गाळ यंत्राने खरवडून, काठ सिमेंटने बांधून, वर कारंजे बसवले की तळे सुधारले असे समजतात. काठच्या उथळ पाण्याची जागाच त्यात जाते आणि काराला राहायला काही उरत नाही. ही सुधारणा नव्हे, हे मी स्पष्ट म्हणतो.

महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळले की, जवळच्या तळ्यावर किंवा भातखाचरावर विद्यार्थ्यांना न्या आणि कारा शोधा. एक-दोनच झुपके घ्या, बाकीचे तिथेच राहू द्या. त्याच तळ्याच्या पाण्यात, तळाशी थोडी माती घालून, मंद उजेडाच्या खिडकीत काचेच्या भांड्यात ठेवा. नळाचे पाणी वापरू नका, त्यातले क्लोरीन तिला मारते. पेर हलक्या हाताने वेगळे करा, तळ्याच्याच पाण्यात काचपट्टीवर ठेवा आणि कमी विशालनाखाली पाहा. हाताळणीने प्रवाह थांबला असेल तर घाई करू नका. दहा मिनिटे थांबा, तो पुन्हा सुरू होतो.